उंबरठ्याशी शस्त्र

आमच्या वसमतच्या जुन्या घराला ढाळज आहे. रस्त्यावरून आत आले की आधी ढाळज, मग चौक, त्यापुढे ओसरी आणि बैठक. ढाळजेच्या डाव्या भिंतीत सागवानी खुंट्यांची एक रांग आहे. आज तिच्यावर छत्र्या आणि बाजाराच्या पिशव्या असतात. या खुंट्या इतक्या जाड कशासाठी, असे लहानपणी आम्ही विचारले असता अप्पांनी दिलेले उत्तर एका शब्दाचे होते : "हत्यारासाठी." आलेल्या माणसाने हातातले, कमरेचे जे काही असेल ते तिथे अडकवायचे आणि मग चौकात पाऊल टाकायचे, अशी त्या घराची रीत होती म्हणे.

काही वर्षांपूर्वी घरात सोयरिकीची बैठक होती. समोरच्या पक्षाकडून आलेल्या मंडळींत हळदीच्या व्यापारातले एक गृहस्थ होते. पाय धुण्यासाठी ते वाकले तेव्हा शर्ट वर सरकला आणि कमरेचे रिव्हॉल्व्हर दिसले. सगळ्यांनी पाहिले, कोणी काही बोलले नाही. अप्पा तेवढे म्हणाले, "पाव्हणं, ते तेवढं खुंटीला अडकवा अन् मग या." गृहस्थ अवघडून हसले. म्हणाले, "लायसन हाय अप्पा." अप्पा म्हणाले, "आसंल की. कलेक्टरला ठावं हाय, मला कुठं ठावं होतं?"

पुढे काय झाले ते यथावकाश सांगू. अप्पांच्या त्या वाक्याने आमच्या मनात जो प्रश्न उभा केला त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दुसऱ्याच्या घरात शस्त्र न्यावे की न न्यावे, हा तो प्रश्न नव्हे. आपल्या पूर्वजांनी सर्रास नेले. शस्त्र आत येते आहे हे कोणाला ठाऊक असले पाहिजे, हा तो प्रश्न आहे. राज्याला की यजमानाला?

मराठीने या बाबतीतले आपले मत भाषेतच नोंदवून ठेवलेले दिसते. तलवार, भाला, पट्टा या उघड शस्त्रांभोवतीचे शब्दप्रयोग अभिमानाचे आहेत. दडवलेल्या शस्त्राभोवतीचे बहुतेक सगळे निंदेचे. अस्तनीतला निखारा, केसाने गळा कापणे, ओठात एक आणि पोटात एक. काठीच्या पोटात पाते लपवलेल्या हत्याराला तर आपण त्याच्या धारेवरून वा आकारावरून नाव दिले नाही, लपण्यावरूनच दिले : गुप्ती. हे हत्यार जुने आहे. राजाने कूट आयुधांनी शत्रूला मारू नये असे मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. कूट आयुध म्हणजे काय, हे सांगताना कुल्लूकभट्ट हा टीकाकार म्हणतो की बाहेरून लाकडाचे दिसणारे आणि आत धारदार शस्त्र दडवलेले ते कूट. ही गुप्तीचीच व्याख्या झाली. रणांगणावर, जिथे दोघेही मारायलाच आलेले असतात तिथे, जे निषिद्ध मानले गेले ते घराच्या उंबऱ्याआत किती निंद्य ठरावे याची कल्पना करता येईल.

पण नियम आणि गोष्ट यांत नेहमीच अंतर असते, आणि गोष्टींना नियमापेक्षा अधिक कळते. महाभारताच्या सभापर्वात कृष्ण, भीम आणि अर्जुन स्नातक ब्राह्मणांच्या वेषात जरासंधाच्या घरी जातात. दरवाजाने जात नाहीत. जरासंध पाहुण्यांची पूजा करू पाहतो, ती ते स्वीकारत नाहीत. त्याची नजर त्यांच्या दंडांवरच्या प्रत्यंचेच्या घट्ट्यांवर जाते आणि तो विचारतो, तुम्ही आहात तरी कोण? कृष्णाचे उत्तर मोठे मार्मिक आहे : मित्राच्या घरी दाराने जावे, शत्रूच्या घरी आडवाटेने, आणि ज्याच्याकडे वैराने आलो त्याचा पाहुणचार घेऊ नये. मग तो नावे सांगतो, हेतू सांगतो, आणि तिघांपैकी कोणाशी लढायचे ही निवड यजमानावर सोपवतो. वेष कपटाचा आहेच. परंतु घाव घालण्यापूर्वी कपट उघड होते आणि पाहुणचाराचे पाणी घशाखाली उतरलेले नसते. कपटालाही इथे एक मर्यादा आहे. ती मर्यादा म्हणजे यजमानाला कळणे.

आता मराठी माणसाच्या स्मरणात या विषयाचे जे एकमेव चित्र आहे त्याकडे वळू. 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाचा पायथा. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस लिहिलेली बखर वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना नवी नाही. परंतु तो प्रसंग शौर्यकथा म्हणून न वाचता भेटीच्या शिष्टाचाराची नोंद म्हणून वाचून पाहावा, अशी आमची विनंती आहे. घाव दोन-चार वाक्यांत आटोपतात. त्याआधीचा सारा मजकूर 'कोण काय घेऊन येणार' याच्या वाटाघाटीचा आहे. खान हजार-दीड हजार लोक घेऊन निघतो. इतका जमाव पाहून राजे बिचकतील असे पंताजी गोपीनाथ सुचवतात, तेव्हा तो जमाव मागे ठेवला जातो. सदरेवर सय्यद बंडा दिसतो, त्याला दूर करण्याची विनंती होते, तीही मान्य होते. सदरेची शोभा पाहून खान चिडतो तेव्हा, पातशाही माल पातशहाच्याच घरी जाईल, असे सांगून त्याला शांत केले जाते. एकेक दिसणारे शस्त्र बोलण्याने बाजूला होत जाते. न दिसणारे तेवढे राहते. बखरीत खानाची जमदाड आधी चालते आणि आतल्या चिलखतावर खरखरते. मग वाघनख आणि बिचवा.

इथे यजमान कोण होता? सदर महाराजांची, जागा महाराजांची, म्हणून यजमान महाराज. पण खान पातशाहीचा सरदार म्हणून मोठेपणाने आलेला, आणि भेटीस आलेल्या शिऱ्याच्या कस्तुरीरंगाला त्याने दगा दिल्याचा लौकिक त्याच्यापुढे चालत आलेला. ज्या पाहुण्याची अशी कीर्ती आहे त्याला यजमानाने कोऱ्या हातांनी कवटाळावे असे म्हणणे हा शिष्टाचार नव्हे, भाबडेपणा होय. बखरकारालाही हे जाणवते. म्हणून तर पहिला वार कोणाचा, हे तो संदिग्ध ठेवत नाही. ग्रँट डफने 1826 साली आपल्या इतिहासात नेमका हाच क्रम उलटा केला, आणि पुढची शंभर वर्षे आपले इतिहासकार तो सुलट करीत राहिले. परमानंदांच्या शिवभारतात तर घाव घालणारे शस्त्र तलवार आहे, वाघनखांना तिथे जागाच नाही. संस्कृत महाकाव्याच्या नायकाला लपवलेले शस्त्र शोभत नाही, असे कवीच्या मनाने घेतले असावे काय? आम्हाला तसे वाटते. पण हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

याच डफकडून आलेली म्हणून सांगितली जाणारी वाघनखे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै 2024 मध्ये साताऱ्यात उसनी आणली गेली. ती खरीच प्रतापगडची का, याची खात्री त्या संग्रहालयालाही देता आलेली नाही. तरी दर्शनाला गर्दी झाली. जे शस्त्र कोणाला दिसू नये म्हणून घडवले गेले ते काचेच्या पेटीत, दिव्याखाली. असो.

सभासदाच्याच बखरीत दुसरा एक प्रसंग आहे, ज्याविषयी आपण फारसे बोलत नाही. जावळीचे प्रकरण. बखरीप्रमाणे राघो बल्लाळ हेजीब म्हणून चंद्रराव मोऱ्यांकडे जातो आणि एकांतातल्या बोलण्यात कट्यार चालवतो. तर हणमंतराव मोऱ्यांकडे संभाजी कावजी जातो तो सोयरिकीचे बोलणे लावून. इतर साधनांशी हे सगळे जुळत नाही आणि संशोधकांनी त्यावर बरेच लिहिले आहे. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमचे लक्ष निवेदनाकडे आहे. प्रतापगडला पाने खर्च करणारा, प्रत्येक शस्त्राचा हिशेब देणारा सभासद इथे घाईने पुढे जातो. समर्थन नाही, अलंकार नाही. पाहुणा म्हणून घरात शिरलेल्या कट्यारीवर तो रेंगाळत नाही. स्वामिनिष्ठ लेखणीचे हे आखडणे आम्हाला फार बोलके वाटते.

प्रतापगड आणि जावळी हे राजकारणाचे प्रसंग झाले. सामान्य माणसाच्या मुक्कामावर हा प्रश्न कसा उभा राहिला, त्याची कथा आमच्या उशालाच आहे. वसमतहून हिंगोली पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. निजामाच्या नोकरीतला मेडोज टेलर 1839 साली प्रसिद्ध झालेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीची एक हकीकत सांगतो. हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी छावणीत होता. टेलरचा स्वतःचा त्याच्याशी देवघेवीचा संबंध. मुंबईहून कापड आणायचे आहे असे सांगून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना घेतला. ते कापड वस्तुतः दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि तो ते घेऊन वाटेतच होता. हरिसिंगाने त्याला त्याच्या माणसांसकट मारले, सरकारी परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि उजळ माथ्याने विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच सांगितले म्हणून हे कळले. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत खून झाले, आणि प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात पुरलेली निघाली. माफीचे साक्षीदार शांतपणे एकेक जागा दाखवीत होते. शेवटी पाहणाऱ्यांनाच शिसारी येऊन खणणे थांबवले गेले.

ठगीविषयीची इंग्रजी कागदपत्रे जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. त्यांत राज्यकर्त्यांची भीती, स्वतःच्या कर्तृत्वाचा डांगोरा आणि पुस्तक खपवण्याची नड हे सारे मिसळलेले आहे, हे अलीकडच्या अभ्यासकांनी पुरते दाखवून दिले आहे. तरीही आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांतल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, हत्यार. रुमाल. तो लपवावाच लागत नाही. खांद्यावर असतो, घाम पुसायला असतो, जेवल्यावर हात पुसायला असतो. ढाळजेतल्या खुंटीला रुमालापुढे काहीच करता येत नाही. दुसरी, इशारा. गळा आवळण्याची वेळ झाली की म्होरक्या म्हणे, "तमाखू लाव." आदरातिथ्याचे वाक्यच मृत्यूचे वाक्य. स्लीमनने 1836 साली 'रामसीआना' या नावाने ठगांच्या बोलीचा जो कोश काढला तो वाङ्मयाच्या अभ्यासकांनी एकदा चाळावा. रोजच्या शब्दांच्या पोटात पाती लपवलेली ही भाषा, म्हणजे भाषेचीच गुप्ती.

कायद्याची इथे पंचाईत झाली. रुमाल बाळगणे गुन्हा ठरवता येत नाही आणि प्रेत सापडत नाही. म्हणून 1836 च्या तिसाव्या कायद्याने वस्तू सोडून माणूस धरला : कंपनीच्या मुलखात वा त्याबाहेर, ठगांच्या टोळीत कधीही असल्याचे सिद्ध झाले की जन्मठेप. पुढे भारतीय दंड संहितेत ठगाची व्याख्या राहिली ती तब्बल 2024 पर्यंत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती नाही. आम्हाला मात्र या हकीकतीत परवाना जास्त छळतो. हरिसिंगाकडे परवाना होता. अधिकाऱ्याला तो ठाऊक होता. ज्याच्याबरोबर तो मुक्कामाला होता त्याला मात्र काहीच ठाऊक नव्हते.

यावरून उघड शस्त्रांचा काळ सोवळा होता असा निष्कर्ष कोणी काढू नये. निजामाच्या राज्यात अरब, रोहिले कमरेला जंबिया लावून उघड हिंडत. 1859 च्या मार्चमध्ये दरबारातून बाहेर पडणाऱ्या सालारजंग आणि रेसिडेंट डेव्हिडसन यांच्यावर एकाने गोळी झाडली, दोघे बचावले. दिसणारे शस्त्रही चालतेच. फरक इतकाच, की ज्याच्या दारी ते येते त्याला दार लावून घेण्याची एक संधी मिळते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या 1947-48 सालांत हीच संधी जीवनमरणाची झाली. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते वापटीचे बहिर्जी याच लढ्यातले. पैनगंगेपलीकडच्या उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या शिबिरांतून माणसे रात्री आत येत, कोणाच्या तरी घरी थांबत. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात एक दंडक वारंवार येई : बरोबर काय आहे ते घरधन्याला सांगायचे, मग भाकरीला हात लावायचा. कारण झडती झाली तर आलेला माणूस परसातून निघून जाईल, घर जागेवर राहील. पाहुण्याच्या शस्त्राचे मोल यजमान भरतो.

ब्रिटिश हिंदुस्थानात तोवर हा व्यवहार पार पालटला होता. 1878 साली लिटनने दोन कायदे केले, एक देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी, दुसरा शस्त्रांसाठी. लेखणी आणि तलवार एकाच वर्षी परवान्याखाली यावीत याचे आमच्यासारख्या पंतोजींना विशेष वाटते. वृत्तपत्रांचा कायदा काही वर्षांत गेला, शस्त्रांचा राहिला. स्वतंत्र भारताने 1959 चा शस्त्र अधिनियम केला, पण पाया तोच : शस्त्राची माहिती जिल्हाधिकाऱ्याच्या दप्तरी. 1962 च्या नियमांनी नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्यांचा वर्ग केला आणि त्यात गुप्तीचा वेगळा उल्लेख केला. घरकामाची आणि शेतीची अवजारे वगळली. विळा आणि कोयता यांना अभय मिळाले.

2016 चे शस्त्र नियम वाचताना मात्र आम्ही थबकलो. परवानाधारकाने सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचे तर ते म्यानात वा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असले पाहिजे, असा नियम आहे. मनूने जे कूट म्हणून निषिद्ध केले ते आज विहित झाले आहे! कारण समजण्यासारखे आहे. रस्त्यावर शस्त्र मिरवणे म्हणजे दहशत, आणि 2019 च्या दुरुस्तीने लग्नमांडवात हवेत गोळ्या झाडणेही शिक्षापात्र केले ते रास्तच. परवान्याच्या अटींत जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शिक्षणसंस्थेचे आवार ही स्थळे नावानिशी वर्ज्य आहेत. दुसऱ्याचे घर त्या यादीत नाही. घराबाबत कायदा बोलतो तो गृहअतिक्रमणाच्या कलमांत, आणि तिथेही तो हेतू विचारतो. इजा करण्याच्या तयारीने घरात शिरणाऱ्याला न्याय संहितेच्या 333 व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण हेतू शुद्ध, परवाना खरा, शर्टाखाली पिस्तूल आणि समोर चहाचा कप, या माणसाबद्दल कायदा गप्प आहे.

अमेरिकेत याच मौनावर भांडण झाले. सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये शस्त्र बाळगून बाहेर पडण्याचा हक्क मान्य केल्यावर न्यूयॉर्क राज्याने लगेच कायदा केला की खाजगी जागेत शस्त्र न्यायचे तर मालकाची स्पष्ट संमती हवी. अन्य अनेक राज्यांत उलट रीत : मालकाने मनाई केली नाही तर चालते. दुकाने, उपाहारगृहे अशा सर्वांना खुल्या जागांपुरता न्यूयॉर्कच्या नियमाचा न्यायालयांत बराच कीस निघाला. यजमान गप्प बसला तर त्याचा अर्थ होकार की नकार, हाच वादाचा मुद्दा. आपल्याकडे यजमानाचे गप्प बसणे हा बहुधा संकोच असतो. पाहुण्याला कसे विचारावे? त्या दिवशी आमच्या ढाळजेत सगळे गप्प होते ते याच कारणाने.

तर त्या दिवशीचे राहिलेले. गृहस्थ भले होते. रिव्हॉल्व्हर खुंटीला अडकवायला त्यांची ना नव्हती, पण ते म्हणाले, "अप्पा, ह्ये असं सोडून आत येता येत नाही मला. काही झालं तर लायसन जाईल, मीबी जाईन." पुतण्याच्या हाती देऊन गाडीत ठेवावे तर पुतण्याकडे परवाना नाही; तो गुन्हा वेगळाच. रीत म्हणत होती, शस्त्र अंगावरून उतरव; नियम म्हणत होता, ताब्याबाहेर जाऊ देऊ नकोस. दोन्ही बाजूंनी माणूस खरा होता आणि दोघांनाही ते कळत होते. घटकाभर कोणी हलले नाही. आतून चहाची कपबशी वाजली.

मग अप्पांनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सतरंजी हितंच आणा रे." बैठकीतली सतरंजी, लोड, पानाचे तबक सगळे ढाळजेत आले. पाहुणे खुंट्यांखाली भिंतीला टेकून बसले, शर्ट नीट खाली ओढून. घरातल्या बायका चौकाच्या दाराशी आल्या, मुलीलाही तिथेच आणून बसवले. सोयरीक पुढे जमली नाही, पण ती हुंड्यावरून.